आपली विधानसभा : तिची घडण आणि तिच्यातील आपले स्थान



महाराष्ट्र विधानसभेचे २८८ सदस्य असतात, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात एका ओळीत सांगितलेले असते. आपली मुले ही ओळ परीक्षेपुरती पाठ करतात आणि निकाल लागला की विसरून जातात. परंतु हा २८८ चा आकडा आला कोठून, या जागांवर पूर्वी कोण बसत असे, आज कोण बसतो आणि तेथे बसणाऱ्याला आपण जाब कोणत्या नात्याने विचारायचा, हे प्रश्न पाठांतराने सुटणारे नाहीत. शाळेचे अनुदान, शिष्यवृत्तीची रक्कम, वसतिगृहाची मंजुरी, गावचा रस्ता आणि दवाखाना या साऱ्यांसाठी लागणारा पैसा याच सभागृहाच्या संमतीने खर्च होतो. म्हणून शिक्षणाचे काम करणाऱ्या प्रत्येकाने या सभागृहाच्या घडणीचा इतिहास जाणून घेणे अगत्याचे आहे.

या इतिहासाचा आरंभ १८६१ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टपासून होतो. या कायद्यान्वये मुंबई इलाख्यासाठी कायदे कौन्सिल स्थापन झाले आणि त्याची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये भरली. त्या वेळी निवडणूक हा शब्दच नव्हता. गव्हर्नरसाहेब ज्यांना बोलावतील ते सभासद. त्यांत बहुतेक गोरे अधिकारी असत आणि मोजके हिंदी गृहस्थ असत. नाना शंकरशेट यांचे नाव या पहिल्या हिंदी सभासदांत घेतले जाते. पुढे १८८२ मध्ये बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी यांची नेमणूक झाली. मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांपैकी ते एक होते आणि १८८७ साली मद्रास येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेचे ते अध्यक्ष झाले. ही माणसे मोठी होती, यात शंका नाही. पण कायद्याच्या दृष्टीने पाहता ती कोणाचीही प्रतिनिधी नव्हती. त्यांना पाठविणारा मतदार नव्हता आणि म्हणून त्यांना परत बोलावणाराही कोणी नव्हता.

१८९२ च्या कायद्याने थोडी फट उघडली. स्थानिक संस्था, विद्यापीठ, व्यापारी मंडळे अशांनी नावे सुचवावीत आणि सरकारने ती मान्य करावीत, अशी पद्धत सुरू झाली. सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची आणि प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. याच वाटेने सर फिरोजशहा मेहता, लोकमान्य टिळक आणि नामदार गोखले या कौन्सिलात आले. तरीही सामान्य शेतकरी, विणकर, खलाशी किंवा कारागीर या वर्तुळाच्या बाहेरच होता.

१९०६ च्या ऑक्टोबरात आगाखान यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ सिमल्याला व्हाइसरॉयना भेटले आणि त्यानंतर तीन वर्षांनी, १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांत, मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ आले. स्वतंत्र मतदारसंघ आणि राखीव जागा या दोन गोष्टींची आजही गल्लत केली जाते, म्हणून येथे खुलासा करतो. राखीव जागेवर उमेदवार ठरावीक समाजाचा असतो, पण त्याला मते सर्व समाजांचे लोक देतात. स्वतंत्र मतदारसंघात उमेदवारही त्याच समाजाचा आणि मतदारही त्याच समाजाचे. दोन शेजाऱ्यांची घरे एका भिंतीला लागून असली, तरी त्यांची मतपत्रिका एक नसे. पुढील चाळीस वर्षांचा इतिहास या एका तरतुदीभोवती फिरला.

१९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर मुंबई कौन्सिल शंभरावर सभासदांचे झाले आणि बहुसंख्य सभासद निवडून येऊ लागले. शिक्षणासारखी खाती हिंदी मंत्र्यांकडे आली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस पुण्याचे मौलवी रफीउद्दीन अहमद यांच्याकडे शिक्षण खाते होते. कौन्सिलाचे अध्यक्षपद १९२३ पासून सर इब्राहिम रहिमतुल्ला यांनी भूषविले आणि त्यांच्यानंतर सर अली महंमद खान देहलवी यांनी ते सांभाळले. याच सुधारणांत मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा राखून ठेवण्यात आल्या होत्या. आजच्या तरुणाला हे वाचून नवल वाटेल, पण ग्रामीण महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या शेतकरी समाजालाही त्या काळी मतपेटीतून आपण निवडून येऊ असा भरवसा नव्हता.

संख्येने लहान असलेले सभासदही सभागृहात काय करू शकतात, याचे उदाहरण याच कौन्सिलात घडले. ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुल्या कराव्यात, असा ठराव मांडला आणि तो संमत झाला. त्याच ठरावाच्या आधाराने महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले आणि तो हक्क प्रत्यक्षात बजावण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ चा सत्याग्रह केला. त्याच सुमारास डॉ. आंबेडकर स्वतः नियुक्त सभासद म्हणून कौन्सिलात दाखल झाले होते.

मतदार मात्र अजून थोडेच होते. मताचा हक्क जमिनीचा सारा, कर, मालमत्ता अशा कसोट्यांवर मिळे. १९२१ मध्ये मुंबई इलाख्याने स्त्रियांनाही मताधिकार दिला, हे या प्रांताला भूषणावह आहे. पण मालमत्तेची अट त्यांनाही होतीच आणि आपल्या नावावर जमीन किंवा घर असलेल्या स्त्रिया त्या काळी किती असतील, हे वाचकांनीच ताडावे.

आता आपण १९३५ च्या कायद्याकडे येऊ, कारण आजच्या विधानसभेची खरी पूर्वज तीच सभा होय. त्यापूर्वी सप्टेंबर १९३२ मध्ये पुणे करार झाला आणि अस्पृश्य वर्गांनी स्वतंत्र मतदारसंघाऐवजी संयुक्त मतदारसंघातील राखीव जागा स्वीकारल्या. देशभर त्या १४८ ठरल्या आणि सिंधसह मुंबई इलाख्याच्या वाट्याला १५ आल्या. १ एप्रिल १९३६ रोजी सिंध वेगळा झाला. उरलेल्या मुंबई प्रांतासाठी दोन सभागृहे झाली आणि कनिष्ठ सभागृहाला विधानसभा हे रूप आले. तिच्या १७५ जागांची वाटणी अशी होती : सर्वसाधारण ११४, त्यांपैकी १५ अनुसूचित जातींसाठी व ७ मराठ्यांसाठी राखीव, मागासलेले प्रदेश व जमाती यांसाठी १, मुसलमान २९, अँग्लो-इंडियन २, युरोपियन ३, हिंदी ख्रिस्ती ३, व्यापार व उद्योग ७, जमीनदार २, विद्यापीठ १, कामगार ७, आणि स्त्रियांसाठी ६, त्यांतील ५ सर्वसाधारण व १ मुसलमान स्त्रीसाठी.

ही यादी सावकाश वाचा. यात माणूस हा नागरिक म्हणून कोठेच येत नाही. तो धर्माने येतो, जातीने येतो, धंद्याने येतो किंवा जमिनीच्या मालकीने येतो. शेकडो वर्षे डोंगरात राहणाऱ्या आदिवासींना एक जागा आणि मूठभर युरोपियनांना तीन. स्त्रीची जागा जोडली, तर मुसलमानांच्या ३० जागा होतात, म्हणजे सभागृहाच्या सुमारे १७ टक्के. १९४१ च्या जनगणनेत या प्रांतात मुसलमानांचे प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास होते. संख्येचा विचार केला, तर मुसलमानांना या प्रांताच्या सभागृहात इतके मोठे स्थान त्यानंतर कधीच मिळाले नाही.

मग त्या स्थानाने काय साधले? १९३७ च्या निवडणुकीनंतर जुलैमध्ये बाळ गंगाधर खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. दादासाहेब मावळंकर सभापती झाले. हेच पुढे लोकसभेचे पहिले सभापती. डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष विरोधी बाकांवर होता आणि सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. महंमद यासीन नुरी हे खेर मंत्रिमंडळात मंत्री होते. मुस्लिम लीगचे सभासद मुख्यतः विरोधी बाजूला होते. मंत्रिमंडळ कोणाचेही येवो, ते टिकण्यासाठी मुसलमान मतदाराच्या मताची गरज नव्हती. सर्वसाधारण जागेवरचा उमेदवार मोहल्ल्यात मत मागायला येत नसे, कारण तेथे त्याचे मतच नव्हते. मुसलमान उमेदवारालाही शेजारच्या आळीत जाऊन आपली बाजू समजावून सांगावी लागत नसे. १९४६ च्या निवडणुकीत लीगने मुंबई प्रांतातील ३० पैकी ३० जागा जिंकल्या. यश इतके पूर्ण होते, तरी सभागृहातील त्याचे वजन ३० च्या पुढे जाऊ शकत नव्हते आणि सरकार इतरांचेच झाले.

फाळणीनंतर घटना समितीपुढे हा प्रश्न पुन्हा आला. १९४७ मध्ये सल्लागार समितीने स्वतंत्र मतदारसंघ रद्द करून अल्पसंख्याकांसाठी काही काळ राखीव जागा ठेवाव्यात, अशी शिफारस केली होती. मे १९४९ मध्ये त्या राखीव जागाही वगळण्याचे ठरले. ही गोष्ट मुसलमान सभासदांवर बाहेरून लादली गेली, एवढेच सांगितले तर ते अर्धसत्य होईल. मद्रासचे महंमद इस्माईल यांनी स्वतंत्र मतदारसंघांची बाजू अखेरपर्यंत मांडली. बेगम ऐजाज रसूल यांनी राखीव जागांनी अल्पसंख्य समाज कायमचा अलग पडेल, असे सांगून त्या सोडण्याचा पुरस्कार केला. दोघेही मुसलमान, दोघांनाही समाजाची कळकळ होती. शेवटी घटनेच्या ३२५ व्या कलमाने प्रत्येक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण मतदार यादी ठेवली आणि ३२६ व्या कलमाने प्रत्येक प्रौढाला मत दिले. सारा भरणारा आणि सारा न भरणारा, पदवीधर आणि निरक्षर, सर्वांचे मत एका किमतीचे झाले.

या नव्या नियमांनी १९५२ ची पहिली निवडणूक झाली, तेव्हा मुंबई राज्याच्या विधानसभेत ३१५ निर्वाचित सदस्य होते. त्या सभेत गुजरातचे व उत्तर कर्नाटकाचे सदस्यही बसत. मराठवाड्याचे प्रतिनिधी मात्र हैदराबादच्या आणि विदर्भाचे प्रतिनिधी नागपूरला भरणाऱ्या मध्य प्रदेशच्या विधानसभेत होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने मराठवाडा व विदर्भ मुंबईला जोडले गेले, कन्नड जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि सौराष्ट्र व कच्छही मुंबईत आल्याने द्वैभाषिकाची विधानसभा ३९६ जागांची झाली. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने मराठी मुलखात काँग्रेसला हादरा दिला आणि त्या सभागृहाची बेरीज फार काळ टिकणार नाही, हे स्पष्ट झाले. १ मे १९६० रोजी ३९६ मधून गुजरातचे १३२ सदस्य वेगळे झाले आणि उरलेल्या २६४ सदस्यांची महाराष्ट्र विधानसभा झाली. सयाजी सिलम हे तिचे पहिले अध्यक्ष आणि यशवंतराव चव्हाण पहिले मुख्यमंत्री. तीन वेगवेगळ्या राज्यांतून आलेले मराठी भाषक अशा रीतीने एका छताखाली आले. विदर्भाला आपले स्थान जाणवावे म्हणून दरवर्षी एक अधिवेशन नागपूरला भरू लागले.

विधानसभेच्या जागा लोकसभेच्या जागांच्या पटीत ठरतात. महाराष्ट्रात ही पट सहाची आहे. लोकसभेच्या ४४ जागा होत्या तेव्हा विधानसभा २६४ ची. ४५ झाल्या तेव्हा, १९६७ मध्ये, २७० ची. आणि ४८ झाल्या तेव्हा, १९७८ च्या निवडणुकीपासून, २८८ ची. याखेरीज राज्यपाल एका अँग्लो-इंडियन सदस्याची नेमणूक करू शकत. ती तरतूद जानेवारी २०२० मध्ये संपली. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या गोठविण्यात आली आणि पुढच्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढली. २००१ च्या जनगणनेवरून सीमा मात्र नव्याने आखल्या गेल्या आणि त्या २००९ च्या निवडणुकीत लागू झाल्या. अनुसूचित जातींच्या जागा १८ वरून २९ आणि अनुसूचित जमातींच्या २२ वरून २५ झाल्या. विदर्भाच्या जागा ६६ वरून ६२ वर आल्या, मुंबईच्या ३४ वरून ३६ झाल्या. माणसे पोटापाण्यासाठी शहरांकडे गेली आणि त्यांच्या मागोमाग सभागृहातील खुर्च्याही सरकल्या.

यात एक हिशेब आपण सर्वांनी ध्यानात ठेवावा. १९७१ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या सुमारे ५ कोटी ४ लाख होती, म्हणजे एका आमदारामागे पावणेदोन लाख माणसे. २०११ मध्ये ती ११ कोटी २४ लाखांच्या घरात गेली, म्हणजे एका आमदारामागे सुमारे ३ लाख ९० हजार. खुर्च्या तेवढ्याच राहिल्या आणि प्रत्येक खुर्चीवरचा भार दुपटीहून अधिक झाला. एकट्यादुकट्याचा अर्ज आमदाराच्या टेबलापर्यंत पोहोचणे अवघड का झाले आहे, हे यावरून कळते. आणि संस्था, संघटना व लेखी निवेदने यांचे महत्त्व का वाढले आहे, हेही कळते.

आता ज्या प्रश्नाची वाचक वाट पाहत असतील, त्याकडे वळतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमानांचे प्रमाण साडेअकरा टक्के होते. विधानसभेत २०१४ साली ९, २०१९ साली १० आणि २०२४ सालीही १० मुसलमान सदस्य निवडून आले. म्हणजे साडेतीन टक्केही पुरते नाहीत. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले, तर हा आकडा ३३ व्हायला हवा होता. हे वास्तव झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पक्ष उमेदवारी देताना हात आखडता घेतात, मते फुटतात, मतदारसंघांच्या सीमा कधी प्रतिकूल पडतात. देशातील काही राज्यांत मुसलमान वस्ती दाट असलेले मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाल्याची नोंद न्या. सच्चर समितीने २००६ मध्ये केली होती.

पण म्हणून १९३७ ची यादी बरी होती, असे कोणी म्हणू लागले तर त्याने दुसरी बाजूही पाहावी. औरंगाबादहून १९६२ मध्ये निवडून आलेले डॉ. रफिक झकेरिया मंत्री झाले आणि त्यांनी त्या शहरात उभे केलेले शैक्षणिक काम आपल्या संस्थांना आजही मार्गदर्शक आहे. मालेगावचे निहाल अहमद विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. कोकणच्या श्रीवर्धनचे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले जून १९८० ते जानेवारी १९८२ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव त्यांच्याच कारकिर्दीत मिळाले आणि सिंधुदुर्ग व जालना हे जिल्हे १९८१ मध्ये झाले. कोल्हापूरकडे कागल मतदारसंघात मुसलमान मतदार थोडे आहेत, तरी तेथून हसन मुश्रीफ १९९९ पासून सातत्याने निवडून आले आहेत. स्वतंत्र मतदारसंघातला सभासद आपल्या समाजाचा आवाज होऊ शकत असे. पण साऱ्या राज्याचा मुख्यमंत्री किंवा साऱ्या विरोधी पक्षांचा नेता होण्याची वाट संयुक्त मतदार यादीनेच मोकळी केली.

माझ्या मते या इतिहासाचे सार असे आहे. जुन्या पद्धतीत आपली डोकी मोजली जात, पण आपल्याला उत्तर द्यायला दुसरे कोणी बांधील नव्हते. नव्या पद्धतीत आपल्या डोक्यांची हमी नाही, पण आपल्या मतदारसंघाचा आमदार कोणत्याही धर्माचा असो, तो आपलाही प्रतिनिधी आहे आणि आपण त्याला जाब विचारू शकतो. हा हक्क आपण पुरेसा वापरत नाही, ही आपली कमतरता आहे. आपला माणूस नाही म्हणून गप्प बसणे आणि आपला माणूस आहे म्हणून निर्धास्त राहणे, या दोन्ही सवयी स्वतंत्र मतदारसंघांच्या काळातून आपल्याबरोबर आल्या आहेत. त्या सोडल्या पाहिजेत. त्याच वेळी पक्षांनी उमेदवारी देताना दाखविलेला संकोचही त्यांच्या पदरात स्पष्ट शब्दांत घातला पाहिजे, कारण संयुक्त यादी स्वीकारताना अल्पसंख्याकांनी बहुसंख्याकांच्या न्यायबुद्धीवर विश्वास टाकला होता आणि तो सांभाळण्याची जबाबदारी दोन्ही बाजूंची आहे.

स्त्रियांच्या बाबतीतही हाच विचार लागू आहे. २०१९ मध्ये २४ स्त्रिया विधानसभेवर निवडून आल्या आणि २०२४ मध्ये तेवढ्याही नाहीत. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभांत एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी ठेवल्या आहेत. जनगणना व सीमांची फेरआखणी झाल्यावर ती अंमलात यावयाची आहे. २८८ चा हिशेब धरला, तर ९६ जागा. त्या जागांवर उभ्या राहू शकतील अशा सुशिक्षित, बोलक्या व कारभार जाणणाऱ्या मुली आपल्या समाजात तयार आहेत काय? १९३५ च्या कायद्यात मुसलमान स्त्रीसाठी एक जागा होती. यापुढे जागांची संख्या पूर्वीसारखी अडचण राहणार नाही, तयारीची राहील.

म्हणून वाचकांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. आपल्या शाळा-महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक अठरा वर्षांच्या मुलामुलीचे नाव मतदार यादीत आहे की नाही, हे संस्थेने दाखल्याइतक्याच काळजीने पाहावे. १९८९ पर्यंत मताचे वय एकवीस होते. आज कनिष्ठ महाविद्यालयाच्या उंबरठ्यावरच हा हक्क हाती येतो. दुसरे, मतदारसंघांच्या सीमा पुन्हा आखल्या जातील, तेव्हा त्याचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि लोकांकडून हरकती व सूचना मागविल्या जातात. नकाशा व जनगणनेचे आकडे वाचता येणारी माणसे तेव्हा गावोगाव हवीत. निकालानंतर गाऱ्हाणे सांगण्यापेक्षा मसुद्यावर मुदतीत लेखी हरकत घेणे अधिक उपयोगाचे. तिसरे, अधिवेशनाच्या काळात आपल्या आमदाराने कोणते प्रश्न विचारले, हे वर्तमानपत्रातून टिपून ठेवावे आणि तो भेटेल तेव्हा त्याविषयी बोलावे.

१८६२ साली टाऊन हॉलमधल्या सभासदाला निवडणारा एकच माणूस होता, तो म्हणजे गव्हर्नर. आज त्याला निवडणारे लाखो आहेत आणि त्यांत आपले नाव आहे. ते नाव यादीत असावे, ते मत दिले जावे आणि मत दिल्यानंतरची पाच वर्षे आपण जागे असावे, एवढे काम प्रत्येक घराला करता येण्यासारखे आहे. आपल्या संस्थेने लावलेला ज्ञानाचा दिवा या कामालाही उजेड देवो, हीच सदिच्छा.